तळपायाची मेंदी

आमच्या दवाखान्यात तळमजल्यावर एसीची एक खोली आहे. तिथे कॅमेरा ठेवलाय, आणि कॅमेऱ्याच्या वरच्या भिंतीवर बाईंचा फोटो. चंदनाचा हार घातलेला, खाली पितळेची पाटी: 'या यंत्राच्या प्रणेत्या'. मी कामाला त्या खोलीत शिरले की नजर पाटीवर जातेच, आणि तळपायाची आग मस्तकात जाते. प्रणेत्या म्हणे! जिला जिवंतपणी चहा-वड्यांच्या गडबडीत बाजूला सारलंत, तिला मेल्यावर भिंतीवर टांगलंत. बरं, फोटो तरी कुठला निवडावा? कमरेपर्यंतचा. बाईंचा फोटो, आणि त्यात पाय नाहीत!

कागदावर त्यांचं नाव डॉ. कुंदा वर्तक. पण अलिबागेपासून मुरुडपर्यंत कुणालाही विचारा, सगळे 'पायवाल्या बाई'च म्हणणार. चौलला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. शिकल्या मुंबईत, सर्जन झाल्या, आणि तिथे नाव काढायचं सोडून ह्या रस्त्यावरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात येऊन बसल्या. साखरेच्या आजाराने सडायला लागलेले पाय वाचवायचे, हा एकच उद्योग. मी त्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी थळची, म्हणून 'थळकरीण'. "थळकरीण, कात्री. थळकरीण, तोंड बंद." असं चालायचं.

माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे. खरंच सांगते, मुळीच नाही. बाजारात कुणी हसून नमस्कार केला की ह्या आधी खाली बघायच्या. चप्पल, टाच, अंगठा, आणि मग तोंड उजळायचं. "अरे, तू काशीदचा ना? तो नखाचा? कसं आहे नख?" त्या माणसाची बायको बिचारी बाजूला उभी, तिला वाटायचं नख हे कुणाचं तरी नाव असावं.

एकदा नागावला कुणाच्या तरी लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. बाईंनी नवऱ्यामुलाकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलाचा बाप पंक्तीत वाढत फिरत होता, अनवाणी, मोठ्या ऐटीत. बाई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या, आणि जिलेबी वाढायला तो वाकला तेव्हा भर पंक्तीत म्हणाल्या, "साखर कधी तपासली होतीत?" त्याला वाटलं जिलेबीबद्दल विचारतायत. "एकदम झकास आहे," म्हणाला. बाई म्हणाल्या, "जिलेबीतली नव्हे, तुमच्यातली." दोन्ही व्याह्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या आठवड्यात तो माणूस मुकाट्याने आमच्या बाकड्यावर येऊन बसला होता, ही गोष्टही खरी.

पाया पडलेलं त्यांना अजिबात खपत नसे. आपल्याकडे पाय वाचला की माणूस आधी वाकणारच. कुणी वाकायला लागलं की बाई पाऊल मागे घ्यायच्या आणि खेकसायच्या, "माझ्या पायांना हात लावू नकोस. स्वतःच्या पायांना रोज लाव." लोकांना वाटायचं, काय ही तुसडी बाई! होत्याच तुसड्या. मे महिन्याच्या उकाड्यातही सुती मोजे घालून सँडल घालायच्या, आणि हसणाऱ्याला म्हणायच्या, "हसून घे. तुझ्या मोज्यांचे पैसे मी देणार नाहीये."

आमच्या थळचा पांडू नाखवा त्यांच्याकडे आला तेव्हाची गोष्ट. तळव्यात शिंपल्याचा तुकडा घुसलेला, आणि हा पठ्ठ्या तसाच जाळी ओढत होता. पाय सुजून भोपळा झाला तेव्हा मुलीने ओढून आणला. बाईंनी चिमट्याने तुकडा काढला, ताटलीत टाकला, तो वाजला. पांडू आश्चर्याने बघत राहिला. म्हणाला, "दुखलाच न्हाय गो बाय. दुखला असता तर मना कलला नसता काय?"

"दुखत नाही, हाच तुझा आजार," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी मला पेढे आण."

ही त्यांची नेहमीची बोलायची पद्धत. कुणी "बाई, फार दुखतंय हो" म्हणून विव्हळत आलं की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि "काही नाही, अजिबात दुखत नाही" म्हणालं की काळा पडायचा.

आणि त्यांची बोटं! पाय मांडीवर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली फिरवत न्यायच्या. जिथे ऊब संपते तिथे हात थांबायचा. मग घोट्याखाली दोन बोटं ठेवून नाडी शोधायच्या. त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही. पंखासुद्धा बंद. शेवटी डोळे उघडून सांगायच्या: थांबू या, किंवा मुंबईला जाऊन रक्तवाहिनी उघडून घे, किंवा हे बोट आजच काढू. ह्या तिसऱ्या वाक्यावर घरचे रडायला लागायचे आणि भांडायला उठायचे. "नुसता हात लावून कसं कळलं तुम्हाला?" असं विचारायचे. बाईंकडे त्याला उत्तर नसे. कळतं ते कळतं, पण दुसऱ्याला दाखवणार कसं? आणि घरच्यांनी नाही म्हणून पाय घरी नेला, की तो परत यायचा तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा असायचा. हे त्यांच्या फार जिव्हारी लागायचं.

म्हणून तो कॅमेरा आला तेव्हा सगळ्यात जास्त हरखल्या त्या बाईच. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे लोकांनी उठवलं की बाई जुन्या वळणाच्या, त्यांना यंत्रांचा राग. कसला राग हो? एखाद्या पोरीला नवा फ्रॉक मिळावा तशा त्या खोलीत नाचायच्या बाकी राहिल्या होत्या. एका कंपनीने तो वापरून बघायला दिला होता. पायाला स्पर्श नाही, सुई नाही. जखमेवर निरनिराळ्या रंगांचा उजेड टाकायचा. प्राणवायू भरलेलं रक्त तो उजेड एका तऱ्हेने परत पाठवतं, आणि उपाशी रक्त दुसऱ्या तऱ्हेने. परत आलेल्या उजेडावरून यंत्र ओळखतं की कातडीखाली कुठे प्राणवायू पोचतोय आणि कुठे नाही. मग पडद्यावर पायाचा नकाशा येतो. पोचतोय तिथे लाल, पोचत नाही तिथे निळा.

"थळकरीण," बाई मला म्हणाल्या, "माझ्या बोटांना जे कळतं ते आता त्यांच्या डोळ्यांना दिसणार. आता भांडतील कसे बघते मी."

आणि खरंच भांडणं थांबली. निळं बोट पडद्यावर बघितलं की नातेवाईक गप्प व्हायचे. गावागावांतून माणसं यायला लागली. "बाय, पाय रंगवायला आलो हाव," म्हणायची. पांडू नाखव्याने तर आपला लाल पाय बघून पडद्यालाच हात जोडले. बाई त्याला रागावल्या नाहीत, हसल्या. त्या इतक्या हसलेल्या मी त्याआधी बघितल्या नव्हत्या आणि नंतर तर नाहीच नाही.

मुरुडची हमीदाबी त्याच दिवसांत आली. शिवणकाम करायची. पायाने चालवायचं मशीन, आणि त्यावर सगळं घर. तिच्या मुलीचा निकाह ठरला होता, आणि हिच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, जखम झाली होती. साखरेच्या माणसांचे तळवे रात्रंदिवस जळतात. त्यावर आमच्याकडच्या बायकांचा एकच उपाय, मेंदी लिंपायची. मुरुडला लिंपतात, थळला लिंपतात, माझी आई लिंपायची. हमीदाबीचे दोन्ही तळवे विटकरी लाल झाले होते. जखमेच्या अगदी काठापर्यंत मेंदी.

"थंड वाटतं काय?" बाईंनी विचारलं.

"तेवढीच झोप लागते, बाई."

"मग लाव. त्याने काही बिघडत नाही."

हे बाईंचे शब्द. त्यांनीच मला नंतर इतक्यांदा ऐकवले, की मला ते पाठ झालेत.

मग त्यांनी डोळे मिटून हात फिरवला. हात नडगीच्या मध्यावरच थांबला. घोट्याखालची नाडी त्यांनी पुन्हा पुन्हा शोधली. "मला हा गार वाटतो," त्या म्हणाल्या. "मुंबईला जायला हवं."

हमीदाबीने हात जोडले. "निकाह होऊ द्या, बाई. पोरीचे कपडे मीच शिवतेय. मंग तुमी सांगाल तिथे जाते."

बाईंनी मला कॅमेरा लावायला सांगितला. पडद्यावर जखमेचे काठ लाल आले. छान, भरलेले लाल. एका बाजूला एक निळा पट्टा होता तेवढाच. बाई पायाकडे बघायच्या, पडद्याकडे बघायच्या. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. आयुष्यभर ज्या बोटांवर विश्वास ठेवला त्यांना त्यांनी त्या दिवशी खोटं पाडलं. "लाल आहे. चांगलं आहे," म्हणाल्या. "निकाह उरकून घे. मग बघू."

निकाह झाला. हमीदाबी परत आली ती रिक्षात आडवी घालून. अंगठा काळा, तळवा काळा, ताप. मुंबईला नेली तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुडघ्याखालून पाय गेला. उजवा, मशीनचा.

त्यानंतर बाई कॅमेऱ्याच्या खोलीत जाऊन तो जुना नकाशा उघडून बसायच्या. जेवायला बोलावलं तर ओरडायच्या. एके दुपारी मला हाक मारली. "इकडे ये. ह्या निळ्या पट्ट्याची कड बघ. सरळ आहे. आणि इथे कोपरा आहे. रक्ताला कुठे कोपरे असतात गं?"

मी बघितलं आणि लगेच ओळखलं. तो आकार मी रोज कापते. जुन्या ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचा तुकडा पायावर राहिला होता, आणि हमीदाबीने त्याच्यावरूनच मेंदी लिंपली होती. त्या दिवशी कॅमेरा लावण्याआधी आम्ही पट्टी काढली तेव्हा तिच्याखाली तेवढीच कोरी कातडी होती. म्हणजे खरा पाय त्या पट्ट्याएवढाच दिसला होता. निळा. बाकी सगळं लाल होतं ती मेंदी. मेंदीने उजेड खाल्ला आणि यंत्राला वाटलं रक्तच आहे.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "जळ्ळं मेलं माझं शिक्षण."

ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे आमचे शेठ. वखारवाले, गुजरातीमिश्रित मराठी बोलणारे, माणूस तसा वाईट नाही. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. "कुंदाबेन, यंत्राची चूक म्हणू नका, तुमची पण म्हणू नका. डायबिटीसमध्ये असं होतंच, एटलुंच, एवढंच बोला. पुढच्या महिन्यात समारंभ छे." कंपनी कॅमेरा दवाखान्याला कायमचा भेट देणार होती. पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि आमच्या दवाखान्यातलं यश म्हणून बाई चार शब्द बोलणार, असं सगळं ठरलेलं.

"बोलेन की," बाई म्हणाल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी बाई कामावर आल्या त्या डाव्या हाताला मेंदी लावून. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांनाच, खालपासून वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी. उरलेली कोरी. लग्न न केलेली, साठीला आलेली बाई, जन्मात कधी मेंदी लावली नाही. सगळा स्टाफ चेकाळला. "बाई, कुणाचं लग्न?"

"माझंच," बाई म्हणाल्या. "ह्या यंत्राशी. उद्या मोडायचंय."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. नारळ, शाली, सगळं झालं. बाई उठल्या, माइक बाजूला केला आणि म्हणाल्या, "थळकरीण, पट्टा बांध." मी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला आणि फुगवत गेले, हाताचं रक्त बंद होईपर्यंत. हात कॅमेऱ्यासमोर धरला. मोठ्या पडद्यावर हाताचा नकाशा आला. सुरुवातीला सगळा लाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मग हळूहळू अंगठा निळा झाला, करंगळी निळी झाली, तळवा निळा झाला. मेंदीची दोन बोटं तशीच लाल राहिली. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. पट्टा करकचून बांधला की हात ठणकतो.

"हा हात माझा एकटीचाच आहे," बाई म्हणाल्या. "रक्त सगळीकडचं बंद आहे. मग ही दोन बोटं लाल कशी, ते मला कुणीतरी सांगा. ह्या मेंदीच्या लाल रंगावर विश्वास ठेवून मी मुरुडच्या एका बाईचा पाय घालवला. यंत्र चांगलं आहे. मला हवंय. पण त्याला आमच्या पायांची ओळख नाही. ह्याने बुटातले गोरे पाय बघितलेत. आमचे पाय उन्हात वाळलेले आहेत आणि त्यांना मेंदी आहे. ती ओळख करून द्या, मग शाल घाला."

कंपनीचा तरुण साहेब उठला. मॅडमनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला, पण हा अपवाद आहे, पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू, असं काहीसं बोलला. बाईंनी विचारलं, "अलिबागेपासून मुरुडपर्यंतच्या सगळ्या बायका अपवाद?" तेवढ्यात शेठ उभे राहिले आणि म्हणाले, "चालो, गरम गरम वडे तयार आहेत." आणि हॉल उठला. अक्षरशः उठला. बाई अजून व्यासपीठावर, दंडाला पट्टा तसाच. मी घाईघाईने हवा सोडली.

पुढच्या आठवड्यात बाईंना विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं. कॅमेरा राहिला.

कंपनीची पुढची आवृत्ती काही अजून आलेली नाही. मी खोलीच्या दारावर पुठ्ठा लावला होता, 'मेंदी असेल तर आधी सांगा' असा. दार खराब दिसतं म्हणून ट्रस्टने काढून टाकला. आता मी तोंडानेच विचारते. प्रत्येकीला, फोटोखाली उभी राहून. परवा नव्या डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, हे काय खूळ?" मी म्हटलं, "हे प्रणेत्यांचं खूळ." त्यांना कळलं नाही. न कळू दे.

बाई चौलच्या वाडीत झोपेतच गेल्या. पण माझ्या लक्षात त्यांची शेवटची भेट आहे ती मुरुडची. दवाखाना सुटून चारेक महिने झाले असतील. मी त्यांना भेटायला चौलला गेले तर म्हणाल्या, "आज गुरुवार. मला मुरुडला जायचंय. येतेस?" आम्ही एस.टी.त बसलो. वाटेत त्यांनी सांगितलं की पाय गेल्यावर त्या हमीदाबीच्या घरी गेल्या होत्या. शेठनी शिकवलेलं काही न बोलता खरं ते सांगितलं होतं. मेंदी, यंत्र, सगळं. आणि माफी मागितली होती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाई, मशीनचं मला नका सांगू. माझ्या घरात पण मशीन हाय. तां मी चालवते तसाच चालतं. मशीन माज्याशी बोललं न्हाय. 'चांगलं आहे' असं तुमी बोल्लात."

मला राग आला, कुणाचा ते कळेना.

हमीदाबीच्या पडवीत शिवणाचं मशीन होतं, वर चादर घातलेली. ती खुर्चीत बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवून. आम्हाला बघून उठली नाही, 'या' म्हणाली नाही. तोंड अंगणाकडे फिरवलं आणि डावा पाय पुढे केला. उरलेला पाय. तळवा कोरा, मेंदीचा डाग नाही. तिच्या मुलीने मला आत हळूच सांगितलं, "अम्मीचा पाय रातभर जळतो. पण लावत न्हाय आता."

बाई खाली फरशीवर बसल्या, आपल्या गुडघ्यांची कुरकुर ऐकत. पाय मांडीवर घेतला. डोळे मिटले आणि हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली नेली. मी त्यांचा हात बघत होते. दोन नखांच्या टोकाला अजून मेंदीची लाल कोर होती, कापली की संपेल एवढीच. हात घोट्याच्या खाली गेला, बोटांपर्यंत गेला, कुठे थांबला नाही. बाईंनी नाडी धरली. मग डोळे उघडले.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "नाडी आहे."

हमीदाबीने पाय मागे घेतला आणि अंगणाकडेच बघत राहिली.

परतताना स्टँडवर बराच वेळ गाडी नव्हती. शेवटी न राहवून मी विचारलं, "दर गुरुवारी येता, बाई. काहीच बोलत नाही का ती तुमच्याशी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पाय देते."